नवमीच्या पाटावरचे बाण

बुसैतीनमधल्या त्या फ्लॅटच्या दाराला आतून तीन कड्या होत्या आणि तिसरी इतकी उंच, की ती काढायला स्टूल लागायचं. बहरीनमध्ये चोरांचं एवढं भय कुणाला नसतं. कड्या होत्या त्या रंभाबाईंसाठी. वय एक्याऐंशी, मूळ गाव कराड. नवरा गेल्यावर मुलानं, जयप्रकाशनं तिला इकडे आणलं आणि वर्षभरात तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट उठून जायला लागली. एकदा भर दुपारी ती दार उघडून चालू पडली ती समुद्राच्या कडेला, एका कोळ्याच्या होडीपाशी सापडली. कृष्णेला पाणी किती आलंय ते बघायला आले होते, असं तिनं पोलिसाला ठणठणीत मराठीत सांगितलं. त्याच आठवड्यात कड्या बसल्या. त्यांच्या आत आणखी एक माणूस राहतं, हे बसवताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते माणूस म्हणजे पूर्णिमा, रंभाबाईंची सून. ती ईसा टाउनच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मग 'नोकरी सुटली'. हा शब्द जयप्रकाशचा. जणू नोकरी म्हणजे शाळेची बस होती आणि पूर्णिमाला स्टॉपवर यायला उशीर झाला.

जयप्रकाश वाईट माणूस नव्हता आणि खरी पंचाईत तीच होती. सिव्हिल इंजिनिअर, आवाज चढवत नाही, पगार हातात आणून देतो, आईचे पाय चेपतो. भांडायला धरावं असं त्याचं काही हातालाच लागायचं नाही. मदतीला बाई ठेवू या म्हटलं, की तो मवाळपणे म्हणायचा, "आईला परकी बाई चालायची नाही गं." आईला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं बहुधा त्यालाच 'आपण कोण?' असं विचारलं असतं. लेक आर्या इंग्लंडमध्ये शिकत होती. ती फोनवर सांगायची, "ममा, यू शुड गो आउट मोअर." पूर्णिमा बरं म्हणायची आणि स्टूल जागेवर आहे ना ते बघून यायची.

राहता राहिली शुक्रवारची सकाळ. सुट्टीमुळे जयप्रकाश घरी असायचा आणि नऊपर्यंत आईजवळ बसायचा. तेवढे तीन तास पूर्णिमाचे. बाकीचा आठवडा ती त्यांच्यावर काढायची.

या तीन तासांचं करायचं काय, हे वरच्या मजल्यावरच्या कश्मिरानं ठरवलं. कश्मिरा घाटकोपरची गुजराती, मनामात बँकेत, बोलणं धडाधड. जिदहफ्सच्या मागे एका जुन्या खजुराच्या बागेत मिसेस हान नावाच्या कोरियन बाई त्यांच्याकडच्या पारंपरिक धनुर्विद्येचं शिक्षण देतात, असं तिला कुठूनसं कळलं होतं. "तू नुसती बघायला चल," असं म्हणून तिनं पूर्णिमाला गाडीत घातलं. गंमत अशी, की महिन्याभरात कश्मिराला कंटाळा आला आणि ती झाडाखाली बसून मोबाइल बघू लागली. पूर्णिमा मात्र चिकटली.

मिसेस हान बुटक्या, साठीच्या, बोलायला कंजूस. त्यांच्याकडे नवख्याला बाण मिळत नाही. आधी नुसतं धनुष्य. उजव्या अंगठ्यात शिंगाचं कडं घालायचं, त्यात दोरी अडकवायची, कानामागपर्यंत ओढायची, श्वास धरायचा आणि तशीच हळूहळू परत आणायची. सोडायची नाही. रिकामी दोरी सोडली तर धनुष्य मोडतं. बहरीनचा उन्हाळा लागला, बागेत उभं राहणं अशक्य झालं, तेव्हा बाईंनी प्रत्येकाला एकेक धनुष्य घरी दिलं आणि ऑक्टोबरपर्यंत रोज ओढा म्हणून सांगितलं. पूर्णिमानं जून ते सप्टेंबर एसीच्या घरघरीत, कड्या लावलेल्या दाराशी पाठ करून दोरी ओढली आणि परत आणली. रंभाबाई सोफ्यावरून बघत असायच्या. "काय गं, विहीर खोल आहे का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. पूर्णिमाला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं.

सप्टेंबरात बाण आले. बांबूचे, मागे पिसं लावलेले, प्रत्येकाला पाच. सजवायचे मात्र ज्याचे त्यानं. हा शोभेचा भाग नव्हता. निशाण दीडशे मीटर लांब, सगळ्यांचे बाण तिथं एकत्र पडणार, आपला आपल्याला ओळखू यायला हवा. कश्मिरानं आपल्यावर नेलपॉलिशचे पट्टे ओढून काम उरकलं. पूर्णिमानं रंग आणि बारीक ब्रश काढले. रंभाबाईंच्या जीर्ण इरकलीच्या काठातून रेशमाचे धागे उसवून घेतले आणि पिसांच्या खाली एकेक वेढा बसवला. धाग्याचं दुसरं टोक रंभाबाईंनी धरलं होतं. त्या दुपारी त्या एकदाही दाराकडे गेल्या नाहीत.

चित्र काढायची वेळ आली आणि पूर्णिमा अडली. वेली काढाव्यात, मोर काढावा, असं मनात होतं. ब्रशातून उतरली ती खिडकीची जाळी. दुसऱ्यावर समोरच्या गच्चीतली पाण्याची टाकी, तिसऱ्यावर तिच्यावर बसणारी साळुंकी, चौथ्यावर मशिदीचा हिरवा दिवा, पाचव्यावर दोन इमारतींच्या फटीतून दिसणारी समुद्राची निळी चिंधी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं सगळं बाणांवर आलं. वर्षभरात आपण दुसरं काही पाहिलंच नाही, हे तिला तेव्हा कळलं. रंग वाळेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत बसली. तिला स्वतःची फार दया आली.

पहिला बाण सोडायचा दिवस बाईंनी ठरवून टाकला होता. हंगामाचा पहिला शुक्रवार. त्या दिवशी नवखे रांगेत उभे राहणार, वाकून 'धनुष्य शिकतेय' म्हणणार आणि बाण सोडणार. हे वाक्य म्हातारे तिरंदाजसुद्धा रोज पहिल्या बाणाआधी म्हणतात, मिसेस हानही म्हणायच्या. बाईंचा नियम कडक होता. जो त्या दिवशी आला नाही, त्यानं पुढच्या ऑक्टोबरपर्यंत नुसती दोरी ओढायची. पूर्णिमानं हे जयप्रकाशला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो "हो हो" म्हणाला होता.

तो शुक्रवार नेमका खंडेनवमीचा निघाला.

जयप्रकाशच्या घरी नवमीचं फार. आदल्या संध्याकाळीच पाट मांडायचा, त्यावर विळी, सुऱ्या, कात्री, मोजायची टेप, लॅपटॉप, गाडीची किल्ली असं सगळं ठेवायचं, पहाटे पूजा करायची. पूर्णिमानं हौसेनं धनुष्य आणि पाचही बाण पाटावर ठेवले. इतकी वर्षं या घरानं विळीलाच शस्त्र मानून फुलं वाहिली होती, यंदा खरं शस्त्र आलं होतं. रंभाबाईंनी बाणांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता कशी नवमी वाटतीय."

पूजेत ठेवलेलं शस्त्र दसऱ्याला उचलायचं असतं, तोवर त्याला विसावा, हे पूर्णिमाला माहीत नव्हतं असं नाही. पण या घरात लॅपटॉप आणि किल्ली दरवर्षी नाश्त्याआधीच पाटावरून उठत, त्यामुळे तो नियम तिच्या डोक्यातूनच गेला होता.

पूजा झाली, आरती झाली आणि जयप्रकाशचा फोन वाजला. साइटवर कुठलासा स्लॅब. त्यानं लॅपटॉपवरचं झेंडूचं फूल अलगद बाजूला सरकवलं, किल्लीवरचं कुंकू रुमालाला पुसलं. पँटला पुसलं नाही, तेवढा तो भाविक.

"मला जावंच लागेल," तो म्हणाला. "तू आहेस ना आईजवळ."

"अहो, आज माझा पहिला बाण आहे."

"पुढच्या शुक्रवारी सोड की. आणि आज तसंही शस्त्र उचलत नाहीत. उद्या दसऱ्याला उचलायचं."

"मग लॅपटॉप?"

"ते पोटापाण्याचं आहे गं," तो समजुतीनं म्हणाला, बूट घातले आणि गेला. पूर्णिमानं सवयीनं स्टूल ओढलं, तिसरी कडी लावली आणि स्टुलावर उभ्या उभ्याच तिला हुंदका आला. वर्षभर ओढून धरलेलं सगळं एकदम वर आलं. आपण स्वतःच्या हातानं स्वतःला कोंडतोय आणि वर कडी नीट बसली का तेही बघतोय, याचा तिला संताप आला.

खालून कश्मिराच्या गाडीचा हॉर्न वाजला. मग फोनवर तिचा आवाज आला, "पूर्णिमा, चल ना, लेट होतंय."

पूर्णिमा स्टुलावरून उतरली, डोळे पुसले आणि पाटाकडे गेली. तर रंभाबाई पाटासमोर मांडी घालून बसलेल्या.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. मुलाचं नाव विसरणाऱ्या या बाईला नवमीचा नियम मात्र कडकडीत आठवत होता. "आज उठवायचं नसतं शस्त्र."

"आई, तुमच्या मुलानं उठवलं आत्ता."

"कोण मुलगा?"

पूर्णिमा त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. हॉर्न पुन्हा वाजला. तिनं पाटाकडे पाहिलं आणि असा प्रश्न विचारला, जो कराडच्या सासूला कराडचीच सून विचारू शकते.

"आई, शस्त्र उचलायचं नाही, कबूल. पण अख्खा पाटच हलवला तर?"

रंभाबाईंनी विचार केला. धर्माचा प्रश्न होता, घाई करून चालणार नव्हतं.

"देव जातात की पालखीतनं," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याला काही हरकत नाही. पण सोबत घरचं माणूस पाहिजे."

पाच मिनिटांनी कश्मिरानं जे पाहिलं त्यावर तिचा विश्वास बसेना. लिफ्टमधून नऊवारीतल्या रंभाबाई आल्या, मागोमाग दोन्ही हातांत पाट घेऊन पूर्णिमा. पाटावर विळी, सुऱ्या, कात्री, टेप, धनुष्य, बाण आणि झेंडू. "ये सब क्या है?" कश्मिरानं विचारलं. "काही विचारू नकोस, चालव," पूर्णिमा म्हणाली. रंभाबाई मागच्या सीटवर पाट मांडीवर धरून बसल्या आणि पुलावरून दोन्ही बाजूंचं पाणी बघत राहिल्या. यांना बाहेर घेऊन जाता येतं, ही साधी गोष्ट इतक्या दिवसांत कुणालाच सुचली नव्हती. पूर्णिमालाही नाही. तिला आनंद झाला नाही, उलट धसका बसला. जयप्रकाशला कळलं तर उरलेले तीन तासही जातील, आणि तेही आईच्या सुरक्षिततेच्या नावाखाली, अगदी मवाळ आवाजात.

बागेत सगळे रांगेत उभे होते. मिसेस हाननी पाट पाहिला, विळी पाहिली, बाणांवरचं हळदकुंकू पाहिलं आणि एका शब्दानं काही न विचारता रंभाबाईंना सावलीत खुर्ची दिली. बागेत पोचल्यावर पाट खाली ठेवला गेला आणि शस्त्र उचलण्याची गोष्ट रंभाबाईंच्या डोक्यातून निघून गेली.

पूर्णिमाची पाळी आली. बाण मारताना तिथं कुणी बोलत नाही, श्वासदेखील जपून घेतात. ती वाकली, "धनुष्य शिकतेय" म्हणाली, साळुंकीचा बाण लावला आणि दोरी कानामागपर्यंत ओढली. लांब, खजुरांच्या पलीकडे निशाण बोटाएवढं दिसत होतं. तिनं श्वास धरला आणि दोरी हळूहळू परत आणली.

तिचं तिलाच कळेना. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा परत आणली. अंगठा सुटतच नव्हता. चार महिने त्याला एकच गोष्ट शिकवली होती, ओढायचं आणि मुकाट्यानं परत यायचं, आणि तो ती इमानेइतबारे करत होता. तिच्या कपाळावर घाम आला. कड्या आपण घरी सोडून आलो नाही, हे तिला इतकं स्पष्ट कळलं, की तिला पळून जावंसं वाटलं.

तिनं तिसऱ्यांदा दोरी ओढली. ना सोडली, ना परत आणली.

"अगं, सोड की," मागून रंभाबाई वैतागून म्हणाल्या. "किती वेळ धरशील?"

बाण सुटला. निशाणाच्या आसपासही गेला नाही. निम्म्या वाटेवर वाळूत रुतला. पूर्णिमाचा डावा हात झिणझिणत होता आणि ती रडत होती, यावेळी काही गिळत नव्हती.

कश्मिरा पर्स उघडून धावत आली. पूर्णिमाचा फोन तिच्याकडे होता आणि तो वाजायचा थांबत नव्हता. जयप्रकाश घरी परतला होता.

"पूर्णिमा, दार उघडं आहे, तू कुठे आहेस? आई कुठे आहे?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"माझ्याबरोबर आहेत. सावलीत बसल्यात. बऱ्या आहेत."

पलीकडे त्यानं श्वास सोडला. मग आवाज पुन्हा मवाळ झाला, तिला पाठ असलेला. "असं न विचारता कुणी जातं का गं? किती काळजी वाटली. ये, लगेच घेऊन ये तिला."

पूर्वीची पूर्णिमा इथं "हो, निघालेच" म्हणाली असती. शब्द तोंडाशी आलेही होते. तिनं वाळूतल्या बाणाकडे पाहिलं.

"अजून चार बाण राहिलेत," ती म्हणाली. "ते झाले की येते."

आणि फोन कश्मिराच्या हातात देऊन ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.