माईसाहेबांची चादर

“चादर एकच हाय. तुमच्या वस्तीच्या बायका शेवटी झोपतील.”

पाटलांच्या माईसाहेब बोलल्या. शाळेच्या खोलीत शिबिर होतं, चाळिशी उलटलेल्या बायकांच्या तपासणीचं. खाटेवर त्यांच्या घरची चादर. आधी त्यांच्या भावकीतल्या, मग गावातल्या, मग आम्ही. सिस्टर खाली मान घालून नावं लिहीत होत्या.

माझ्या डाव्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ लागत होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाई डॉक्टर येणार म्हणून धीर करून आले होते. दुपारी दोनला डॉक्टरीणबाई परंड्याला निघून गेल्या. आम्ही अकरा जणी उन्हातच.

“मला दाखवायचं हुतं,” मी म्हटलं.

माईसाहेब हसल्या. “तुमाला काय हुतंय गं? राबणारी अंगं तुमची.”

सिस्टरनी वही पुढं केली. मी चौथी शिकलेली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, तपासणी केली, गाठ नाही. सुंठीवाचून खोकला गेला. मी ते वाचलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी माईसाहेबांच्याच सोयाबीनमध्ये खुरपायला जायचं होतं. सिस्टरनी खोटं लिहिलं, पण खाली नाव माझं आहे. त्याची चीड मला अजून येते.

पुढच्या उन्हाळ्यात सोलापूरला माझी डावी छाती काढली. डॉक्टर म्हणाले, “मावशी, आधी यायचं ना.”

आधीच आले होते. रांगेत होते.

यंदा परत शिबिर लागलं. माईसाहेबांनी चादर अंथरली आणि मी तिच्यावर आडवी झाले.

“ऊठ. बायका खोळंबल्यात.”

“खोळंबू द्या. मी खोळंबले, तवा छाती गेली.”

डॉक्टरीणबाईंनी माझी दुसरी छाती तपासली. मी उठले आणि शेजारणीला झोपवलं. माईसाहेब थोरल्या सुनेला घेऊन तशाच घरी गेल्या. आमच्या अंगाखालची चादर त्यांना चालत नव्हती. सुनेची तपासणी राहिली. तिचं मला वाईट वाटलं, माईसाहेबांचं नाही.

मग सिस्टरपुढची वही उचलून मी मांडीवर घेतली आणि दारात बसले. खोलीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, “हात लावून बघितलं का?” व्हय म्हणाली तरच वही तिच्यापुढं.

“मावशी, वही द्या,” सिस्टर म्हणाल्या.

दिली नाही. खुरपायचं काम गेलंय, जाऊ दे. न तपासलेल्या बाईची सही या गावात आता होणार नाही. पुढच्या शिबिरालाही दारात मीच बसणार आहे.