डाव्या खांद्याचे उस्ताद

उत्तमराव खरात यांना आम्ही नावाने कधीच हाक मारली नाही. पोलीस दलात हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि आमच्या जिल्ह्यात उस्ताद म्हटले की परतूरकडचे खरात साहेबच. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला मिळाले, याचा मला अभिमान वाटतो.

पहिली भेट जालन्याबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर झाली. मी नवी भरती. रायफल आपोआप डाव्या खांद्याला लागली, तशी शेजारच्या हवालदारांनी ती ओढून उजवीकडे केली. उस्ताद जवळ आले.

"जेवतीस कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"आन् दगड मारतीस?"

"डाव्या."

"मंग बंदूक तिकडंच राहू दे."

लहानपणी आईने हातावर चापट्या मारून मला उजव्या हाताने जेवायला शिकवले होते. डावा हात राहू दे, असे पहिल्यांदाच कुणी म्हटले, म्हणून मला रडूच आले. उस्ताद तिकडे न बघता पुढच्या मुलावर खेकसायला गेले.

पुढे नवी सबमशीनगन चाचणीसाठी आली. आखूड, हलकी, दुमडता दस्ता, सगळे खूश. तीच बंदूक घेऊन जलद पथक उभे राहणार होते आणि त्यात माझे नाव होते. पण माझ्या हाती ती सलग गोळ्या झाडताना मध्येच बंद पडे. इतरांच्या हाती बिलकुल नाही. "बाई दचकते," म्हणून वरच्या साहेबांनी माझे नाव काढायला सांगितले. मलाही ते खरे वाटू लागले होते.

"बोट दाखव," उस्ताद म्हणाले. चाप ओढणाऱ्या बोटाच्या मुळाशी सोलवटले होते. त्यांनी बंदूक रिकामी करून तपासली, पुन्हा भरली आणि स्वतःच्या डाव्या खांद्याला लावून झाडली. ती त्यांच्याही हातात थांबली. त्यांचेही बोट तिथेच सोलले.

दोष साधा होता. सुरक्षेचा खटका दोन्ही बाजूंना होता, पण डावीकडचा लांब. उजव्या हाताने चालवणाऱ्याच्या अंगठ्याला सोयीचा. डावखुऱ्याचे बोट त्यालाच घासे आणि धक्क्यासरशी खटका सरकून बंदूक बंद होई. उस्तादांनी मंजुरीची सही अडवून धरली. एका बाईपायी सगळे खोळंबले, असे वर बोलले गेले. निवृत्ती तोंडावर आलेली. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता. उस्ताद मात्र वरच्या साहेबांना म्हणाले,

"साहेब, उद्या कुणाचा उजवा हात जायबंदी झाला तर तो काय घरी जाऊन बसंल का? डाव्यानंच लढंल ना? पोरीचा हात बदलायचा न्हाई. खटका बदला."

आखूड खटके आले. माझी बंदूक शेवटच्या गोळीपर्यंत चालली आणि माझे नाव पथकात राहिले. उस्तादांनी शाबासकी दिली नाही, खिशातली मलमाची डबी तेवढी हातावर ठेवली आणि म्हणाले, "मला बी लावायचंय, जल्दी परत दे."

आता त्याच चांदमारीवर मी शिकवते. नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी विचारते, दगड कोणत्या हाताने मारता? पोरे हसतात, पण कुणाचा खांदा मी बदलू देत नाही.

उस्ताद, आपली नजर अशीच करडी आणि गुडघे असेच खणखणीत राहोत. पंचाहत्तरीला आपण चांदमारीवर यायचे आहे. पहिली फैर आपली, डाव्या खांद्यावरून. मलमाची डबी मी जपून ठेवली आहे. ती तेव्हा परत करीन.