गाडी आत येईल असं घर

आमचं घर विकलं गेलं ते एका बैलगाडीपायी. लोक घर विकतात ते लेकीच्या लग्नासाठी, नाहीतर भाऊबंदकीला कंटाळून. आमच्या दादांनी विकलं, कारण गाडी बोळात वळेना. दादा म्हणजे आमचे वडील. घरात आणि भावकीत सगळेच त्यांना दादा म्हणत, आणि त्यांचा शब्द खाली पाडायची कुणाची छाती नव्हती. परभणी जिल्ह्यावर राज्य निजामाचं होतं, पण आमच्या उंबऱ्याच्या आत ते दादांचं होतं.

झरीपासून थोडं आडबाजूला आमचं गाव. त्या साली कापूस बरा आला होता. तो सेलूच्या जिनिंगला न्यायचा तर जुनी गाडी लहान पडायची. म्हणून दादांनी झरीच्या सुताराकडून मोठी गाडी बांधून घेतली. सुताराकडं जाण्याआधी आमच्या बोळाचं तोंड त्यांनी हातातल्या काठीनं नीट मोजलं होतं. मोजण्यात काडीची चूक नव्हती. पण बोळ पुढं धनगराच्या घरापाशी वळतो, हे ते साफ विसरले. जन्मापासून त्याच वळणावरून ये-जा करत होते, तरी विसरले.

नवी गाडी आली तेव्हा माय ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती. ताटात हळदकुंकू, नारळ, बैलांना चारायला पुरणाची पोळी. गाडी बोळात शिरली, घंटा वाजत आल्या आणि वळणावर वाजायच्या थांबल्या. एक चाक धनगराच्या ओट्यावर चढलं, दुसरं समोरच्या भिंतीला घासलं. बैल काही मागं चालत नाहीत. ते सोडावे लागले आणि सगळ्या आळीनं जोर लावून गाडी शेपटाकडून बाहेर ओढली. शेवटी माय ताट घेऊन बोळाच्या तोंडाशी गेली आणि गावादेखत गाडीला ओवाळलं. दादांच्या मिशा तेवढ्या थरथरत होत्या.

तेव्हापासून गाडी पारापाशी उभी राहू लागली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. एका म्हाताऱ्यानं दुपारच्या झोपेसाठी ती कायमची धरली. येणारे-जाणारे तंबाखू मळत चाकाला टेकायचे आणि दादा दिसले की विचारायचे, "दादा, गाडी लय झ्याक हाय बगा. तिच्या मापाचं घर कवा बांधायलाव?"

मायनं एकदा भीत भीत सुचवलं, "आवं, सुताराला बोलवून गाडीच थोडीशी आरुंद करून घ्या की."

"नवी गाडी कापू? डोकं फिरलं का तुझं?" दादा म्हणाले. "घर काय, तसंबी जुनंच हाय."

आम्हाला वाटलं, रागात बोलले. पण दादा रागात बोललेलंच खरं करायचे. पुढच्या बाजारी त्यांना एक शिंपी भेटला. त्याला गावाच्या मधोमध घर पाहिजे होतं आणि त्याचं शिवणयंत्र कुठल्याही बोळातून जात होतं. दोघांनी पान खाल्लं, विसाराचा रुपया इकडून तिकडं गेला, आणि संध्याकाळी जेवताना दादांनी भाकरीचा तुकडा मोडत सांगून टाकलं, "पाडव्याला घर खाली करायचं हाय."

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मग तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, भाजली, दादांच्या ताटात वाढली. बोलायचं ते ती दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशी बोलली.

त्या भिंतीचं सांगायला पाहिजे. आमची आणि धनगराची भिंत एकच होती, मातीची. तिच्यात दिवा ठेवायची एक देवळी होती. ती झिजत झिजत आरपार झाली होती, हात जाईल एवढी. पलीकडं धनगराची बायको राहायची. माय तिला अक्का म्हणायची, आम्ही मावशी. मावशीचा नवरा मेंढरं घेऊन चारठाण्याच्या बाजूला डोंगरात हिंडत असायचा, कधी कधी महिनोन् महिने. रोज सकाळी ज्या घरी चूल आधी पेटे त्या घरातून त्या भोकातून विस्तव जायचा, शेणीच्या तुकड्यावर, राखेत झाकून. काडेपेटीला कोण पैसे घालवणार? विस्तवामागून ताक जायचं, मिसरी जायची, कुणाच्या सुनेला दिवस गेले ती खबर जायची. मी तापानं फणफणले होते तेव्हा मायचा हात सकाळी भोकात दिसला नाही, म्हणून मावशी भिंत बडवत ओरडली होती, "वैनी, जित्ती हायेस का?" मायला घरावर जीव नव्हता. जीव होता तो त्या भोकावर, आणि ते शिंप्याला विकलं गेलं होतं.

"मला इचारलंबी न्हाई गं अक्का," माय भिंतीशी म्हणाली.

"दादा बैलाला तरी इचारत आसतील का, काय म्हाईत," पलीकडून उत्तर आलं. दोघी हसल्या.

घरं बघायला सुरुवात झाली. दादा गाडीच्या रुंदीएवढी काठी घेऊन निघायचे, माय हातात खापर घेऊन, आणि मी मायचा पदर धरून. दादा घराच्या आत जातच नसत. दरवाजाला काठी लावायची, आत गाडी वळेल का बघायचं, झालं. माय दरवाजाकडं बघतच नसे. ती तडक शेजारच्या घरी जायची आणि म्हणायची, "बाई, वाईच विस्तव देता का?" तिचं माप ते होतं.

चावडीजवळचं घर पहिलं. दरवाजा एवढा मोठा की दादांच्या चेहऱ्यावर लग्नघरची कळा आली. शेजारीण चुलीपुढं बसून कालवण ढवळत होती, चूल धडाडत होती. ती म्हणाली, "आमच्यात विस्तव देत न्हाईत. लक्ष्मी जाती." मायनं खापर पदराखाली घेतलं. बाहेर येऊन दादांना म्हणाली, "हितं न्हाई ऱ्हायचं."

"का?"

"चूल पेटायची न्हाई हितली."

आडाजवळच्या घराची गंमत उलटी झाली. शेजारणीनं विस्तव दिला, वर गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, मायचं माहेर विचारलं आणि दूरचं नातंही काढलं. माय खुलून गेली. बाहेर येऊन बघतो तर दादा वाकडं तोंड करून दरवाजाशी उभे. काठी आडवी जातच नव्हती. घर बांधणाऱ्यानं पाहुण्यांना यायला जागा ठेवली होती, गाडीला नाही.

अशी बरीच घरं झाली. मायच्या खापराची कीर्ती गावभर झाली. बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, "दादाची बायकू दारोदार विस्तव मागत फिरायलीय. घरात काडेपेटी न्हाई का?" हे दादांच्या कानावर गेलं आणि त्यांचा पारा चढला. बाजारातून त्यांनी काडेपेटी आणली आणि मायपुढं ठेवली. "घे. आता कुनाच्या दारात जाऊ नको."

मायनं काडेपेटी उचलली, उलटी-सुलटी करून बघितली. "हिला कळंल का, माजं पोरगं तापलंय ते?" एवढंच म्हणून तिनं ती कोनाड्यात ठेवून दिली. मायपुढं हरले की दादा बैलांना पाणी पाजायला जात. त्या दिवसांत आमचे बैल लय पाणी प्याले.

पाडवा तोंडावर आला तेव्हा दादांनी एकट्यानंच जाऊन एक घर पक्कं केलं. गावाच्या कडेला, मुरमाड उंचवट्यावर. दरवाजा रुंद, आत गाडी गोल फिरेल एवढं अंगण. आम्हाला ते दाखवायला नेलं तेव्हा दादांनी मोकळी गाडी आत आणून फिरवून दाखवली, सर्कशीतल्यासारखी. मायनं अंगण बघितलं, मान हलवली आणि सवयीनं खापर घेऊन शेजारी निघाली. एका बाजूला रस्ता होता. दुसऱ्या बाजूला गावठाणातली रिकामी जागा, तिथं एक बाभळ आणि बाभळीला बांधलेली कुणाची तरी शेळी. माय त्या शेळीपुढं खापर घेऊन उभी राहिली. मी फिसकन हसले. मायही हसली, पण तिचे डोळे भरले होते. ते मला तेव्हाही दिसलं.

घर सोडताना आणखी एक शोभा झाली. सामान न्यायला नवी गाडी सज्ज होती, पण ती होती पारापाशी. उखळ, जातं, रांजण, गोधड्या, सगळं बोळातून डोक्यावर वाहून पारापर्यंत न्यावं लागलं. शिंपी दारात उभा राहून मदत करत होता आणि मधेच म्हणाला, "दादा, बोळ जरा आरुंदच हाय की हो!" दादांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गपकन रांजण उचलायला लागला.

आमच्याकडं रीत अशी की नव्या घरात पहिली चूल जुन्या चुलीच्या विस्तवानं पेटवायची. माय गाडीत बसली नाही. खापरात निखारे घेतले, वर राख पसरली, पदर आडवा धरला आणि गावातून चालत निघाली. त्या दिवशी वारा सुटला होता. नव्या घरी चुलीपुढं बसून तिनं राख बाजूला केली, फुंकर मारली. परत मारली. नुसती राख उडाली. जुनं घर सोडताना एक टिपूस न काढलेली माय तिथं मुलासारखी हुंदके देऊन रडली. दादा दारातच थबकले. काडेपेटी त्यांच्या खिशात होती, मला ठाऊक होतं. त्यांनी खिशाकडं हात नेला आणि तसाच परत घेतला. त्याबद्दल मला त्यांचं आजही कौतुक वाटतं.

तेवढ्यात दारातून धापा टाकत मावशी आली. हातात दुसरं खापर. "वाऱ्यानं इझलं आसंल म्हनून मी बी घिऊन आले," ती म्हणाली आणि दादांना ओलांडून सरळ चुलीपाशी जाऊन बसली. नव्या घरातला पहिला चहा तिनंच घेतला.

पण गावाच्या त्या टोकावरून या टोकाला रोज कोण येणार? माय हळूहळू कमी बोलू लागली. सकाळी चूल ती काडीनं पेटवायची आणि काडी विझवताना तोंड असं करायची की जणू कुणी कडू औषध दिलंय. कोंबड्यांशी बोलायची. दादा मात्र रोज गाडी आत आणायचे, गोल फिरवायचे, बाहेर न्यायचे. काम नसलं तरी.

उन्हाळा सरत आला तशी धनगराची मेंढरं डोंगरातून परतली. एके सकाळी बाहेर बें बें ऐकू आलं म्हणून बघितलं, तर शेजारच्या रिकाम्या जागेत कळपच्या कळप, मावशीचा नवरा कुऱ्हाडीनं बाभळीच्या फांद्या तोडतोय आणि मावशी कंबर खोचून आमच्या भिंतीला लागूनच खोपटासाठी मेढी रोवतेय. जुन्या घरी दीर-जावा राहतील, म्हणाली. मेंढरांना उंच, कोरडी जागा पाहिजेच होती, पोलीस पाटलाला विचारून घेतलंय. जागा मेंढरांसाठी होती की भिंतीसाठी, ते मायनं विचारलं नाही. ती नुसती हसत सुटली होती.

दादा त्या दिवशी सेलूला गेले होते. दिवस मावळायच्या आत परतले आणि दारापाशी गाडी थांबली. मेंढरांसाठी घातलेलं काट्यांचं कुंपण पार आमच्या दरवाजाच्या वाटेवर आलं होतं. माणूस जाईल, बैल जाईल, गाडी जाणार नाही. मावशीच्या नवऱ्यानं पागोटं सावरलं. "दादा, काट्या मागं घेतो. पर मग पिलावाल्या मेंढ्या मावायच्या न्हाईत."

दादांनी कुंपणाकडं बघितलं. मग दारात बघितलं. तिथं माय उभी होती, पिठाच्या हातांनी, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला होता. दादा गाडीवरून उतरले आणि बैल सोडू लागले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लेकुरवाळी जनावरं हायेत. गाडीला काय, पार हाय."

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर दादा पहार घेऊन भिंतीपाशी उभे. मला वाटलं, आता काय पाडतात. त्यांनी घसा खाकरला आणि मायला हाक मारली.

"ऐकायलीस का? भोक कुठं पाडू?"

माय हातातलं काम टाकून आली. भिंत नीट बघितली, चुलीपासूनचं अंतर बघितलं आणि राखेच्या बोटानं खूण केली. "हितं. पर आदी माप घ्या," ती म्हणाली, आणि पदरात हसली. "माजा हात जाया पायजे. मागल्या येळसारकं नको."

दादांनी काठी शोधली नाही. त्यांनी मायचा हात हातात घेतला, मनगटापाशी वीत लावली आणि तसाच धरून ठेवला. असं काही आम्ही पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बघतच राहिलो.

भिंतीपलीकडून मावशी ओरडली, "झालं का न्हाई आजून? माजा विस्तव इझायलाय!"