सदतीस नंबरच्या बोअरमधली गुलाबी माती

आमचे भावजी अनंत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना मी सतरा वर्षं देवमाणूस म्हणत आले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या सर्वण गावाला माहीत आहे, पण या माणसाला मी कधी वाकडा शब्द बोलले नाही. आता रोज एक तरी बोलावासा वाटतो.

दिचोलीजवळच्या एका खाणीत ते कोअर-शेडवर होते. खणायच्या आधी डोंगरात मशीनने खोल बोअर मारतात आणि नळीतून आतल्या दगडाची लांब कांडी वर काढतात, तीच कोअर. तिचे तुकडे लाकडी पेटीत क्रमाने लावायचे, वहीतल्या ओळींसारखे, डावीकडून उजवीकडे, वरचा दगड वर आणि खालचा खाली. दोन तुकड्यांची मोडलेली तोंडं एकमेकांत बसली की क्रम बरोबर. भावजींचं शिक्षण सातवी, पण इंजिनियर लोक त्यांच्या पेट्या बघूनच कुठे किती खणायचं ते ठरवत.

"सगळ्यात वर चिरा, म्हणजे जांभा दगड, खाली कठीण खनिज, मग गुलाबी माती, मग भुकटी खनिज," असं ते जेवताना सांगायचे. "गुलाबी मातीतून पाणी खाली जात नाय. ती म्हणजे डोंगराचं ताट. ताट फुटलं की वरच्या विहिरी गेल्या." मी दिचोलीत अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, तरी हे इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

बायचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, नाव रुक्मिणी. तिच्या परसात चिऱ्याने बांधलेली विहीर आहे. सतरा वर्षांपूर्वी तिची सासू गेली तेव्हाची गोष्ट. त्यांच्या घराण्यात सुतक असताना विहिरीला हात लावत नाहीत, शेजारच्यांनी पाणी काढून द्यायचं. दहाव्या दिवशी पुरुष माणसं नदीवर गेलेली, पाणी देणारी लक्ष्मीवहिनी दुपार झाली तरी आली नाही, आणि गोठ्यात नुकतीच व्यालेली गाय पाण्यासाठी हंबरत होती. बायने एक कळशी काढली. एकच. महिन्याभरात विहीर आटली, अगदी तळाचा दगड दिसेपर्यंत.

मी तेव्हाच तिला झापलं होतं. "खुळी काय गे तू? एका कळशीने विहीर आटते? खाणीने आटली ती!" तर म्हणते, "मग पाणंदीपलीकडच्या दोन विहिरी कशा भरलेल्या?" तिने भावजींनाही विचारलं. माझ्यासमोर विचारलं, म्हणून मला ठाऊक. "तुमी खाणीत असता. तुमका कळता. माझ्यामुळे आटली काय?" भावजी भात कालवत होते. म्हणाले, "देवाचं आपल्याला काय कळतं?"

बस, तेवढ्यावर बायचा जन्म गेला. तिने सोमवार धरले, एकादशा धरल्या. कुणाच्या लग्नात कलशाला हात लावला नाही, कुणाची ओटी भरायला पुढे झाली नाही. बारा वर्षांपूर्वी खाण बंद पडली, खड्डा पाण्याने भरला आणि हळूहळू विहिरीत कमरेएवढं पाणी परत आलं. तरी ही बाई नळाचं पाणी येईपर्यंत रांगेत हंडा घेऊन उभी. विहिरीच्या कठड्याला ती शिवायची नाही. मला कीव यायची, मग राग यायचा, मग सवय झाली.

गेल्या डिसेंबरात मी भावजींना वर्गात बोलावलं. म्हटलं, पुस्तकातले थर पोरांना पाठ आहेत, हातात कुणी घेतलेत? भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, पिशवीतून दगड आणले, छान बोलले. पोरं गप्प बसून ऐकत होती, जे माझ्या तासाला कधी होत नाही. शेवटी सुविधा नावाची मुलगी उठली. "सर, वरचा थर नवा आणि खालचा जुना असंच असतं ना नेहमी? की उलटं पण असतं?"

"असतं," भावजी म्हणाले. "गोधडीची घडी घातली की खालची बाजू वर येते. तशी डोंगराची पण घडी पडते. मग जी माती खाली असायची ती वर येते, आणि आपण..."

एवढं बोलून ते थांबले, ते थांबलेच. मी पाणी दिलं. प्यायले नाहीत. पोरांना वाटलं, सरांना चक्कर आली.

स्कूटरवरून घरी नेताना सर्वणच्या वळणावर म्हणाले, "शीतल, जरा थांबव." मग रस्त्याकडे बघत सांगितलं. आवाज बाजाराची यादी सांगावी तसा.

विहीर आटली त्या वर्षी शिरगावची जत्रा दोन दिवसांवर आली होती. भावजी लईराई देवीचे धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, व्रतात होते, सोवळ्याने राहायचं होतं, लवकर निघायचं होतं. सदतीस नंबरच्या बोअरच्या तीन पेट्या हातातून निसटल्या. तुकडे आणि खोलीचे आकडे लिहिलेले ठोकळे सगळे जमिनीवर. तोंडं जुळवत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. त्यांनी जुळवली नाहीत. आधीच्या छत्तीस बोअरमध्ये जो क्रम दिसला होता तोच लावला, गुलाबी माती चोवीस मीटरवर ठेवली आणि जत्रेला गेले. ती होती नऊ मीटरवर, चिऱ्याला लागूनच. त्या कडेला डोंगराची घडी पडलेली, पाणंदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला. खणणाऱ्यांना वाटलं, ताट अजून खाली आहे. खणत गेले, आणि ताट फुटलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"खड्ड्याच्या भिंतीत गुलाबी पट्टा दिसला तेव्हा. शेडवर जाऊन तुकडे जुळवून बघितले. बसले."

"म्हणजे विहीर आटली त्याच महिन्यात."

"होय."

"आणि बायने विचारलं तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

मी त्या माणसाला हाणायला हवं होतं. शिव्या तरी घालायला हव्या होत्या, इतक्या येतात मला. मी स्कूटरची किल्ली फिरवली आणि म्हटलं, "आज सांगायचं. नाहीतर मी सांगते."

घरी आल्यावर त्यांनी कपाटामागून जुन्या टॉवेलात गुंडाळलेले दोन तुकडे काढले. एक चिऱ्याचा, एक गुलाबी. सतरा वर्षं जपून ठेवले होते. कशाला, ते मी विचारलं नाही. बाय मागच्या दारात शेंगा सोलत होती. त्यांनी तुकडे तिच्यासमोर ठेवले आणि मला सांगितलं तसंच सगळं सांगितलं, जत्रेसकट. ती शेंगा सोलत राहिली. मग हात पदराला पुसून दोन्ही तुकडे उचलले, फिरवून फिरवून तोंडाला तोंड लावलं. बसले. केसाएवढी फट राहिली नाही.

"म्हणजे माझा काय चुकूक नाय?"

"नाय."

"कळशीचा काय नाय?"

"नाय."

मला वाटलं, आता रडेल, आता हंबरडा फोडेल. सतरा वर्षं, देवा! तिने तुकडे पायरीवर ठेवले, सोललेल्या दाण्यांवर ताट झाकलं, पडवीतून दोर आणि कळशी घेतली आणि विहिरीवर गेली. कठड्यावर हात ठेवला. पाणी काढलं. तिथेच उभ्याने ओंजळीने प्यायली, पोटभर प्यायली. मलाही दिलं. पाण्याला चिऱ्याची चव होती.

भावजी दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी ओंजळ धरली.

बाय कळशी काखेत घेऊन त्यांच्या बाजूने निघून गेली. आवाज चढवला नाही, थांबली नाही.

"तुमका नको. तुमी नळाचाच पिवा."

तेव्हापासून त्या घरात पाण्याचे दोन हंडे आहेत, एक विहिरीचा, एक नळाचा. जेवताना बाय त्यांना वाढते, आमटी गरम आहे का विचारते, औषधाची आठवण करते. त्यांच्या तांब्यात नळाचं पाणी ओतते. ते तेच पितात.