कानमिस्त्रीने नेलेला पाट

मिस्त्रीने इंजिनाला जोडलेल्या नळीतलं सगळं तेल मोटारसायकलने गिळलं आणि आळेफाट्यावर माझ्या चहाच्या टपरीपुढे पांढरा धूर दाटला. इंजिन खोकल्यासारखं करत होतं. गाडीचे मालक, अवसरी बुद्रुकचे बागाईतदार, मिस्त्रीच्या पाठीमागून ओरडत होते, "बंद करा! आवो, बंद करा!" मिस्त्री वाकून रिकाम्या नळीला टिचक्या मारत होता. त्याने मान वळवली नाही. शेवटी मी उकळता चहा सोडून गेले आणि चावी फिरवली. बागाईतदारांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. दीड वर्ष मी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांना कळलं. मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं.

आणि त्याला सगळे कानमिस्त्री म्हणायचे. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. त्याचं गॅरेज माझ्या टपरीला लागून, मधे एक पत्रा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आतला दोष सांगायचा. दोन सिलिंडरच्या जुन्या गाड्यांना हवा-पेट्रोल ओढून इंजिनाला देणारे दोन कार्ब्युरेटर असत. दोन्हींची ओढ सारखी नसेल तर गाडी थरथरते. ती जुळवायला लोक जुन्नर-मंचरहून त्याच्याकडे येत. "बैलजोडी हाय ही, अक्का," तो म्हणायचा. "एक वढतो, दुसरा नुस्ता संगं चालतो. मला पावलं ऐकू येत्यात."

मग ती ऐकू येईनाशी झाली. एसटी पाठीशी हॉर्न वाजवायची आणि हा रस्त्याच्या मधोमध. मी खूण करून विचारलं, तर म्हणाला, "कुनाला बोलू नका. कान गेला म्हनलं की गिऱ्हाईक गेलं." मी बोलले नाही. दया वगैरे काही नव्हती. त्याचं गिऱ्हाईक माझा चहा पीत होतं.

एक दिवस तो माझा बसायचा पाट न विचारता घेऊन गेला. दवाखान्यातून सलाईनची कोरी नळी आणली, घोड्याच्या नालासारखी वाकवून पाटावर तारेने बांधली आणि स्कूटरच्या पेट्रोलात घालतात ते तेल तिच्यात अर्धवट भरलं. नळीची दोन टोकं दोन कार्ब्युरेटरना. ज्याची ओढ जास्त, त्या बाजूला तेल चढणार. दोन्हीकडे सारखं आलं की जोडी जुळली. "आता पावलं डोळ्यानं बघायची," म्हणाला.

पण जन्माची सवय. बागाईतदारांच्या गाडीला त्याने आधी कानच लावला, अंदाजाने स्क्रू फिरवले आणि नळी फक्त खात्रीसाठी जोडली. कानाने इतकं फसवलं होतं की एका बाजूने सगळं तेल ओढून नेलं.

धूर विरल्यावर बागाईतदार म्हणाले, "पुन्याला नेतो गाडी."

"न्या की," मी म्हटलं. "वतलेला चहा तेवढा पिऊन जा."

ते बसले. मिस्त्री त्यांच्यासमोर आला आणि मोठ्याने बोलला, "कानानं केलं, चुकलं. एक डाव डोळ्यानं करू द्या, राव."

त्याने जुन्या कार्ब्युरेटरचे दोन जेट शोधले. केसाएवढ्या भोकाची पितळी टोपणंच ती. एकेक दोन्ही टोकांत बसवलं, म्हणजे तेल एकदम उसळणार नाही. तेल पुन्हा भरलं. यावेळी स्क्रू-ड्रायव्हर कानाकडे गेला नाही. तासभर तो पाटासमोर उकिडवा बसून होता. तेल वर-खाली झालं, थबकलं आणि दोन्हीकडे एका रेघेत उभं राहिलं.

बागाईतदार गाडी ओतूरपर्यंत पळवून आले. चालू इंजिनावरच त्यांनी सीटवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं, सांडलं नाही. त्यांनी मिस्त्रीला दिसेल अशी मान हलवली.

त्यानंतर त्याने बहिरेपण लपवलं नाही. पाट गॅरेजच्या दारावर टांगला. कुणी ओरडून बोललं की म्हणायचा, "वरडू नगा, नळीला इचारा." नाव कानमिस्त्रीच राहिलं. मी वर्षानुवर्षं माझा पाट मागत होते. ते त्याला खरंच ऐकू येत नव्हतं की काय, देव जाणे.

पुढे दोन कार्ब्युरेटरच्या गाड्या कमी झाल्या, तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याने गॅरेज उघडलं. दहाव्यानंतर त्याची बायको पाट परत घेऊन आली. तेलकट, तारांनी भोकं पडलेला. बसायच्या कामाचा राहिला नव्हता. मी तो टपरीत टांगला. बागाईतदार त्याच्या आधीच गेले होते. त्या धुरात आम्ही तिघं होतो. आता मी आहे.