जाऊबाईंसाठी अर्धा पेढा

मंडळी, कॅन्सरची गाठ काढून बरीच वर्षं झाली, तरी दरवर्षी स्कॅनच्या आधी माझी झोप उडते. आज रिपोर्ट चांगला आला.

पेढे घेऊन मी थेट गारखेड्याला मोठ्या जाऊबाईंकडे गेले. ऑपरेशननंतर "असलं दुखणं लागतं" म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर माझा चहाचा कप वेगळा ठेवला होता.

"लई बरं झालं गं," म्हणत त्यांनी हात पुढं केला. मी एक पेढा अर्धा खाल्ला आणि उष्टा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"खा की ताई, गोड आहे."

सुना बघत होत्या. ताईंनी डोळे मिटून गिळला.

रिक्षात मी हसत होते. मग वाटलं, मशीनमध्ये पडून मी आयुष्य मागत होते ते लेकीसाठी, की या अर्ध्या पेढ्यासाठी?

तुम्ही अख्खा दिला असता?