कातडीतून पाझरणारं दूध

आमच्या बालाघाटातली ती म्हातारी सुईण समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच "हौ, हौ" म्हणायची. तिला सगळं आधीच ठाऊक असायचं.

आमचं बाळ दोन दिवस अंगावर पीत नव्हतं. बायको रडत होती, म्हणून सुईणीला बोलावलं होतं. मी शाळामास्तर, जीव रमवायला प्लॅटिपसचा धडा चाळत होतो. सुईणीला चित्र दाखवून म्हणालो, "हा प्राणी अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो. थानं नाहीत. दूध कातडीतून पाझरतं, पिलं केसांवरून चाटतात."

ती गप्प झाली. तिनं चित्राला हात जोडले. मग बायकोजवळ बसली.

"पोरी, त्या माउलीले थानंच नाहीत, तरी पाजते. तू काहून रडून राह्यली?"

सुईणीनं बायकोचं दूध आपल्या बोटावर पिळून बाळाच्या ओठांना लावलं. बाळ चाटू लागलं. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत राहिलो.